आप्पांचं नामांकन

नामांकनांची यादी सकाळी साडेदहाला जाहीर झाली आणि तिच्यात आप्पा नव्हते.

जावकसाहेबांनी ती ऑफिसात, टेबलाच्या खणात फोन धरून, तीनदा वाचली. 'सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेता' या रकान्यात पाच नावं होती. ती सगळी नको तीच होती. जावकसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. ऑफिसातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर जावक क्रमांक घालायचा आणि शिक्का मारायचा, हे काम ते सव्वीस वर्षं करत होते, म्हणून लोक तसं म्हणायचे. अर्थात हे झालं पोटापाण्याचं. त्यांचा खरा जीव होता सिनेमात. बायकोचा वाढदिवस ते दोनदा विसरले होते, पण कुठल्या साली कुणाचा पुरस्कार कुणी हिसकावला हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

आता यादीत चांगला माणूस नसणं ही काही नवी गोष्ट नव्हती. दर वर्षी कुणीतरी डावलला जायचाच. मग जावकसाहेब आणि त्यांची मंडळी दोन रविवार निवड समितीच्या नावानं बोटं मोडायची आणि तिसऱ्या रविवारी विसरून जायची. यंदाची भानगड अशी होती की डावलला गेलेला माणूस त्यांच्याच इमारतीत, बरोबर त्यांच्या खालच्या मजल्यावर राहत होता. आणि त्याहून मोठी भानगड अशी की, "आप्पा, तुमचं नामांकन पक्कं, लिहून ठेवा," असं जावकसाहेबांनी त्याला आठ दिवस आधी स्वतः जाऊन सांगितलं होतं.

आप्पांनी चाळीस वर्षांत नव्वदेक सिनेमांत काम केलं होतं. न्यायाधीश अकरा वेळा, प्रेत सहा वेळा, आणि मुलीचा गरीब बाप किती वेळा याची मोजदाद त्यांनीही सोडून दिली होती. वकील मात्र ते कधी झाले नाहीत, कारण वकिलाला वाक्यं असतात. यंदा पहिल्यांदाच एका सिनेमात त्यांना धड काम मिळालं होतं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात एक म्हातारा रोज येतो आणि बायकोच्या खाटेचा नंबर विचारतो. बायको जाऊन महिना झालेला असतो. नर्स रोज त्याला नंबर सांगते. एवढंच. जावकसाहेबांनी ते तीनदा तिकीट काढून पाहिलं आणि तिन्ही वेळा रडले.

तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते प्रेमापोटी सांगितलं. आप्पा म्हणाले, "छे हो, आमचं कसलं नामांकन," आणि दुसऱ्याच दिवशी कोटाचं माप द्यायला शिंप्याकडे गेले. ही बातमी शिंप्याकडून इमारतीच्या सेक्रेटरींना कळली आणि सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये कागद चिकटवला : 'आप्पांचे नामांकनाबद्दल हार्दिक अभिनंदन.' त्यात 'संभाव्य' हा शब्द घालावा असं जावकसाहेबांनी सुचवलं होतं. पण सेक्रेटरी म्हणाले की जागा पुरत नाही.

यादी आली त्या संध्याकाळी जावकसाहेब लिफ्टमध्ये उभं राहून नखानं तो कागद खरवडत होते. सेक्रेटरींचा गोंद अभिनंदनाच्या मानानं फारच टिकाऊ निघाला. वर-खाली चार फेऱ्या झाल्या तरी अर्धा कागद तसाच. येणारे-जाणारे आपापली भर घालत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "गरम पाणी लावा." गच्चीशेजारचे निवृत्त मामलेदार म्हणाले, "मी आधीच म्हटलं होतं," आणि काय म्हटलं होतं ते न सांगता उतरून गेले. बिचाऱ्या आप्पांचं सांत्वनही लोकांनी मन लावून केलं. एकजण त्यांच्या दारात उभं राहून म्हणाला, "बरंच झालं म्हणा. एवढं जागरण तुमच्या वयाला झेपलं नसतं."

तिसऱ्या दिवशी आप्पांची सून वर आली. चहा घेत नाही म्हणाली, बसतही नाही म्हणाली.

"काका, बाबा यादी आल्यापासून घराबाहेर पडले नाहीत. कोट शिवून आलाय, तो पिशवीतून काढलाही नाही. दिवसभर खिडकीपाशी बसून असतात. तुम्हीच सांगितलं होतंत ना त्यांना?"

तिच्या आवाजात राग असता तर जावकसाहेबांनी निभावून नेलं असतं. रागाला उत्तर देता येतं. ती नुसती विचारत होती. जावकसाहेबांना इतकं अपराधी वाटलं की ते "हो" म्हणाले आणि पुढे काही सुचेना म्हणून, "मी काहीतरी करतो," असंही म्हणाले. मध्यमवर्गीय माणसाचा नाश या एका वाक्यानं जितका केलाय, तितका कशानंच केलेला नाही.

ती गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, काहीतरी म्हणजे काय? एक फुलांचा गुच्छ घ्या, खाली जा, आणि 'आप्पा, माझं चुकलं, पण तुमचं काम फार छान होतं' एवढं म्हणा. दहा मिनिटांचं काम आहे."

हा सल्ला इतका साधा होता की तो जावकसाहेबांना पटणं शक्यच नव्हतं.

रविवारी मंडळी नेहमीप्रमाणे दाताच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत जमली. रविवारी दवाखाना बंद असायचा आणि बाकं मोकळी असायची. मंडळी म्हणजे पाच जण. स्वतः जावकसाहेब. दाताचे डॉक्टर, जे कुठल्याही नटाची आधी बत्तिशी बघत. भूगोलाच्या निवृत्त बाई, ज्यांनी एक गाजलेला सिनेमा केवळ त्यातला सूर्य भलत्या बाजूला मावळतो म्हणून कायमचा बाद केला होता. आप्पांचा कोट शिवणारा शिंपी. आणि जावकसाहेबांचा मेहुणा, जो सिनेमे फोनवर दीडपट वेगानं बघायचा आणि सगळ्या सिनेमांना 'जरा घाईत उरकलाय' म्हणायचा.

त्या दिवशी मात्र पाचही जणांचं एकमत झालं. हे इतकं अघटित होतं की तिथेच सावध व्हायला हवं होतं.

"अन्याय आहे हा," डॉक्टर म्हणाले. "सरळ अन्याय."

"दाजी, आपण निषेधाचं पत्र लिहू," मेहुणा म्हणाला.

"पत्रानं काय होतं ते मला विचार," जावकसाहेब म्हणाले. "रोज शंभर पाठवतो. आपणच पुरस्कार देऊ. 'वर्षातली सर्वोत्कृष्ट छोटी भूमिका.' हॉल घेऊ, लोक बोलावू आणि आप्पांना सन्मानानं देऊ."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इथवर सगळं ठीक होतं. पण सव्वीस वर्षं क्रमांक घालणाऱ्या माणसाला नियमाशिवाय चैन पडत नाही. जावकसाहेबांच्या मनात आलं की ज्यांनी आप्पांना डावललं ते वशिल्यानं चालतात असं आपण म्हणतो, मग आपणही नुसतंच उचलून दिलं तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला? आप्पांनाही ते भीक घातल्यासारखं वाटेल. म्हणून रीतसर नामांकनं हवीत. एकाच उमेदवाराचं नामांकन म्हणजे थट्टा, म्हणून पाच हवीत. मतदान गुप्त हवं. चिठ्ठ्या सीलबंद हव्यात. आणि मोजणी भर कार्यक्रमात, सगळ्यांसमोर, फळ्यावर.

"एवढं कशाला?" शिंपी हळूच म्हणाला. "द्यायचंय तर आप्पांनाच ना?"

"द्यायचंय आप्पांनाच," जावकसाहेब म्हणाले, "पण नियमानं."

पाच नामांकनं ठरवायला तीन रविवार गेले. छोटी भूमिका म्हणजे किती छोटी, यावर पहिला. बाईंनी स्टॉपवॉच आणलं आणि आप्पांची भूमिका चार मिनिटं दहा सेकंदांची निघाली. मेहुण्याच्या फोनवर ती अर्थातच तीन मिनिटांच्या आत संपायची. शेवटी आप्पांच्या जोडीला एक नावाडी, एक राजाचा हुजऱ्या, एक नायकाचा मित्र आणि एक बसची कंडक्टरबाई, अशी यादी झाली. या चौघांवर मंडळींनी जे वाद घातले ते ऐकायला हवे होते. नावाड्याच्या मागचा वारा अगदी शास्त्रशुद्ध दिशेनं वाहतो, असं बाई म्हणाल्या. हुजऱ्याच्या अंगरख्याची बाही काय बसलीय, असं शिंप्यानं डोळे मिटून सांगितलं. आप्पांवर मात्र कुणी वाद घातला नाही. ते तर ठरलेलेच होते.

मग हॉल. वाचनालयाचा हॉल रविवारी दुपारी मोकळा होता, पण अर्जात 'कार्यक्रमाचा प्रकार' असा रकाना होता आणि त्यात चारच पर्याय होते : लग्न, प्रदर्शन, शोकसभा, इतर.

"इतर," जावकसाहेब म्हणाले.

"इतरला संस्थेचा नोंदणी क्रमांक लागतो," खिडकीतला कारकून म्हणाला. "घटनेची प्रत, आगीचा ना-हरकत दाखला, आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी. तीन महिने धरा."

"आणि प्रदर्शन?"

"त्याला वस्तू लागतात."

कारकुनानं जावकसाहेबांकडे पाहिलं. जातवाल्यानं जातवाल्याला ओळखावं तसं त्याला ओळखू आलं असावं, कारण तो पुढे झुकून म्हणाला, "साहेब, शोकसभेला काहीच लागत नाही. तिला कुणी हरकत घेत नाही. मी सांगतो ना, भरा."

जावकसाहेबांनी भरलं. नियमाचा माणूस नियमातूनच वाट काढतो. दिवंगताचे नाव या रकान्यात त्यांनी बराच विचार करून 'आप्पा' लिहिलं नाही, रेघ ओढली.

मतदान आदल्या रविवारी झालं. डॉक्टरांच्या औषधाच्या चिठ्ठ्यांवर नाव लिहायचं आणि घडी करून पाकिटात टाकायचं. प्रत्येक जण आतल्या खोलीत, दात काढायच्या खुर्चीवर बसून, एकटा लिहून आला. जावकसाहेब सगळ्यात शेवटी गेले.

खुर्चीवर टेकून त्यांनी पेन उघडलं आणि त्यांच्या मनात हिशेब सुरू झाला. बाहेरच्या चौघांची चार मतं आप्पांना पडलेलीच आहेत. आपलंही दिलं तर पाचपैकी पाच. पाचपैकी पाच म्हणजे कुणालाही संशय येणार. चार-एक कसं भरदार दिसतं, खरं वाटतं. आणि आता जिथे कुणी बघत नाही तिथे खरं बोलायचं तर, आप्पांचं काम छानच होतं, पण ती कंडक्टरबाई! कोण कुठली पोरगी, आधी कधी पाहिलेली नाही, एक वाक्य नाही तिला. जावकसाहेब तिच्यासाठी रडले नव्हते. पण तिचा तो बसमधला प्रसंग आठवला की त्यांना अजून बोलवतच नसे. या बिचारीलाही कुठेतरी एक मत पडायला नको का? त्यांनी 'कंडक्टर' लिहिलं, घडी केली, आणि सगळ्यांसमोर पाकिटाला लाख लावून त्यावर जावक क्रमांक एक घातला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय असं त्यांना वाटलं आणि घरी जाताना ते चक्क शीळ घालत होते.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलबाहेरच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात 'शोकसभा, दुपारी चार' असं लिहिलेलं होतं. जावकसाहेब ते पुसायला धावले, तर मागे आप्पा उभे. नव्या कोटात. सुनेनं हात धरलेला. चेहऱ्यावर एक लाजरा तजेला आला होता, पाच-सहा आठवड्यांत पहिल्यांदाच. त्यांनी फळा वाचला.

"राहू द्या हो," ते म्हणाले. "अशा प्रसंगांचा मला अनुभव आहे."

तीस-पस्तीस माणसं आली होती. त्यातली दोन फळा वाचून आलेली, ओळखीपाळखीची नसलेली. ती मागच्या रांगेत मान खाली घालून बसली आणि शेवटपर्यंत उठली नाहीत. आप्पा पहिल्या रांगेत मधोमध. सुनेनं फोन वर धरून चित्रण सुरू केलं. मेहुण्यानं निवेदन नेहमीच्या वेगात उरकलं, जावकसाहेबांनी पाकिटाची लाख सगळ्यांना दाखवून फोडली, आणि बाई खडू घेऊन फळ्याशी उभ्या राहिल्या. फळ्यावर पाच नावं होती. आप्पांचं सगळ्यात वर.

पहिली चिठ्ठी : नावाडी.

जावकसाहेब मनात हसले. चला, आणखी एकाला आपल्यासारखंच सुचलं. तीन-एक-एक होईल.

दुसरी : हुजऱ्या.

जावकसाहेबांनी शिंप्याकडे पाहिलं. शिंपी छताकडे पाहत होता.

तिसरी : नायकाचा मित्र.

आता जावकसाहेबांनी मोजलं. पाचपैकी तीन गेल्या, उरल्या दोन, आणि त्यातली एक कोणाची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी चौथी उघडली. अक्षर त्यांचं स्वतःचं होतं. "कंडक्टर," ते म्हणाले. पाचवी उघडताना त्यांनी मनातल्या मनात हात जोडले. ती आप्पांची निघाली तरी सगळे एक-एक मतावर राहणार होते, पण बरोबरीत काहीतरी करता आलं असतं. फेरमतदान करता आलं असतं. हात वर करायला लावले असते.

पाचव्या चिठ्ठीवर डॉक्टरांच्या अक्षरात 'कंडक्टर' असं होतं.

बाईंनी दोनाचा आकडा लिहिला, बाकीच्यांपुढे एक-एक लिहिले, आणि आप्पांच्या नावापुढची जागा मोकळी राहिलेली पाहून, पस्तीस वर्षांच्या शिक्षकी सवयीनं, तिथे एक स्पष्ट, गोल शून्य काढलं. काढून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. डस्टर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होतं.

सुनेनं फोन खाली घेतला.

मागच्या रांगेतल्या दोघांपैकी एकानं शेजारच्याला विचारलं, "गेलं कोण?"

ट्रॉफी टेबलावर होती आणि ती कुणाला तरी द्यायलाच हवी होती. कंडक्टर झालेली मुलगी कुठे राहते हेही कुणाला माहीत नव्हतं. गोंधळ झाला की मेहुणा वेग वाढवतो. त्यानं माईक उचलला आणि एका दमात सांगून टाकलं, "विजेत्या अभिनेत्री येऊ शकल्या नाहीत, तरी त्यांच्या वतीनं चित्रपटसृष्टीतले आज इथे हजर असलेले एकमेव कलाकार, आपले आप्पा, हा पुरस्कार स्वीकारतील."

जावकसाहेबांना वाटलं, आता जमिनीनं पोटात घ्यावं. आप्पा क्षणभर बसूनच राहिले. मग उठले. कोटाची बटणं लावली. पायऱ्या चढून वर आले, जावकसाहेबांच्या हातून ट्रॉफी घेतली आणि माईकपाशी जाऊन म्हणाले, "या मुलीबरोबर मी काम केलेलं नाही. तिचं काम मी पाहिलंय. चांगलं आहे. तिच्या वतीनं मी आपला आभारी आहे." तेवढंच. ट्रॉफी टेबलावर परत ठेवून ते खाली उतरले. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतला तो अनोळखी गृहस्थ डोळे पुसत होता.

कार्यक्रमानंतर जावकसाहेब मुद्दाम खुर्च्या मोजत राहिले. आप्पांसमोर जायची त्यांची छाती नव्हती. दुरून त्यांना दिसत होतं, डॉक्टर आप्पांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले, हात दाबून गेले. मग बाई. मग शिंपी कोटाची बाही नीट करायच्या निमित्तानं जवळ गेला. मेहुणाही गेला. आपल्या माणसांनी त्यांना सावरलं म्हणून जावकसाहेबांना बरंही वाटलं आणि आपण एकटेच भित्रे म्हणून लाजही वाटली.

सून रिक्षा बघायला निघाली, तेव्हा तिला तिची कामं उरकून यायला सांगून आप्पा म्हणाले, "चालतच जाऊ. जवळ आहे." जावकसाहेबांना बरोबर जावंच लागलं. इमारतीतली लिफ्ट बंद होती. अर्ध्या जिन्यात आप्पा कठड्याला धरून थांबले आणि त्यांनी दम घेतला.

"तुमचे डॉक्टर भले आहेत," ते म्हणाले. "माझं मत तुम्हालाच होतं म्हणाले."

जावकसाहेब कठड्यावरची धूळ बोटानं पुसू लागले.

"मग बाई म्हणाल्या, त्यांचंही मलाच होतं. शिंपी म्हणाला. तुमच्या मेहुण्यानं तर शपथ घेतली." आप्पांनी चार बोटं मोजून बघितली. "चार झाली. चार मतं म्हणजे मी जिंकलोच की हो."

त्यांनी जावकसाहेबांकडे पाहिलं. ते पाचव्याची वाट पाहत होते. ते वाक्य जावकसाहेबांच्या जिभेवर तयार होतं. हॉलपासून इथपर्यंत त्यांनी ते मनात दहा वेळा घोळवलं होतं. पण फळ्यावरचं शून्य दोघांनीही पाहिलं होतं.

"मी त्या कंडक्टरबाईला दिलं, आप्पा," ते म्हणाले. "मला वाटलं, बाकीचे चौघं तुम्हाला देणारच."

"एवढ्याचसाठी दिलंत?"

जावकसाहेबांना हो म्हणता आलं असतं.

"नाही," ते म्हणाले. "तिला नवरा बसमध्ये दुसऱ्या बाईबरोबर दिसतो ना, तेव्हा ती त्यालाही तिकीट फाडून देते. नेहमीसारखं. नुसती पुढे सरकते, आणि पुढच्या माणसाला तिकीट द्यायला विसरते. तो मागतो, तरी तिला ऐकू येत नाही. ते मी विसरूच शकलो नाही. तुमचं काम छान होतं. पण..." आपण एका म्हाताऱ्या माणसाला अर्ध्या जिन्यात उभं करून त्याच्या कामात काय कमी होतं ते सांगतोय, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

आप्पांनी कठड्यावरचा हात काढला. मग हसले, अगदी मोकळेपणानं, आणि जावकसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरोबर दिलंत. मी असतो तर मीही तिलाच दिलं असतं." उरलेल्या पायऱ्या ते न थांबता चढले, कुलूप काढलं, आत गेले आणि दार हळूच लोटलं.

"अहो, आलात का?" वरच्या मजल्यावरून बायकोनं हाक मारली. "कसा झाला कार्यक्रम?"

जावकसाहेब त्या बंद दाराकडे बघत उभे होते. पडद्यावरचा नट खरं बोलतोय की नुसता अभिनय करतोय, हे आपल्याला चटकन कळतं असं ते आयुष्यभर लोकांना सांगत आले होते. आप्पांचं ते हसणं मनापासूनचं होतं की वठवलेलं, हे मात्र तीनदा आठवून पाहिलं तरी त्यांना कळलं नाही.